मुल्हेर म्हणजे साल्हेरचा थांबा नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण साल्हेर किल्ल्यावर पानभर लेख छापला. लेख मी दोनदा वाचला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा नातवाला मोठ्यानं वाचून दाखवायला. फोटो झकास होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आमच्या बागलाणातला साल्हेर आहे याचा आनंद आम्हालाही आहे. लेखाच्या शेवटी मात्र एक वाक्य आलं आणि मी तिथंच अडलो. 'साल्हेरला जाताना वाटेत मुल्हेर हा त्याचा जोडकिल्लाही पाहून होतो.'

साल्हेरचा जोडकिल्ला सालोटा. मध्ये नुसती खिंड आहे, साल्हेरच्या वाटेवर लागलेल्या कुणालाही तो दिसतो. मुल्हेरला जोडच लावायची असेल तर पूर्वेला मोरा आहे आणि पश्चिमेला हरगड. तिन्ही एकाच डोंगरावर, मधला आमचा. 'पाहून होतो' हे तर मला लागलंच. पाहुण्याच्या घरी जाताना वाटेत दूध घेऊन होतं, तसं ते वाटलं. बागलाणच्या बागूल राजांची राजधानी मुल्हेर होती. साल्हेर हा त्या राज्याचा बळकट किल्ला होता. कोण कोणाच्या वाटेवर होतं हे एकदा नीट छापून यावं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण राजधानीचं वाक्य तेवढं ठेवा.

मी मुल्हेरचा. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. त्यातली निम्म्याहून जास्त सटाणा–ताहराबाद–मुल्हेर याच रस्त्यावर गेली. शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे पाठीवर बोचकी घेतलेली मुंबई-पुण्याची पोरं गाडीत चढायची. तिकीट फाडून होतं न होतं तोच सांगायची, 'काका, साल्हेरच्या फाट्याला उठवा.' मुल्हेर यायचं तेव्हा सगळी घोरत असायची. खिडकीबाहेर एवढा थोरला डोंगर उभा, त्याच्या अंगावर तटाची रेघ, आणि गाडीत एकाचेही डोळे उघडे नाहीत. मी कधी कुणाला उठवलं नाही. ड्युटीवर असताना बोलायचं नसतं असं नाही, पण झोपलेल्या माणसाला इतिहास सांगायचा तरी कसा?

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं. जी गावं मी रोज ओरडायचो त्यांची नावं कुठून आली हे मी निवृत्तीनंतर वाचलं. 'ताहराबाद! ताहराबादवाले उतरून घ्या!' हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल. ते मुहम्मद ताहिर या मोगल सरदाराचं नाव आहे. १६३८ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्यानं बागलाण घ्यायला ज्या दोघांना पाठवलं त्यांतला हा एक. दुसरा मालोजी दखनी. मुल्हेर पडल्यावर किल्ल्याचं नाव औरंगगड ठेवलं. ते नाव कागदावर बसलं, लोकांच्या तोंडात काही बसलं नाही. शहजाद्याचं नाव पुसलं गेलं आणि त्याच्या सरदाराचं नाव मात्र मी घसा बसेपर्यंत ओरडत राहिलो. आता बागलाणचंच बघा. सातबाऱ्यावर तालुका बागलाण, एसटीच्या पाटीवर सटाणा. बागूल राजांवरून बागलाण, हे तालुक्यातल्या दहा जणांना विचारलं तर दोघांना माहीत असेल, आणि त्या दोघांतला एक मी.

हे बागूल स्वतःला राठोड कुळातले म्हणवत. गादीवर बसणाऱ्याला बहिर्जी हा किताब मिळे, त्यामुळे जुन्या कागदांत शंभर शंभर वर्षांच्या अंतरानं बहिर्जीच भेटत राहतो आणि वाचणारा चक्रावतो. या घराण्यावर संस्कृतात एक अख्खं महाकाव्य आहे. रुद्रकवीनं ते १५९६ साली नारायणशाहाच्या दरबारात रचलं. नाव 'राष्ट्रौढवंश महाकाव्य'. त्यात मुल्हेरला मयूरगिरी म्हटलंय. गावात आजही म्हातारी माणसं मयूरनगरी म्हणतात आणि मयूरध्वज राजाची गोष्ट सांगतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं १९१७ साली हे काव्य छापलं. मला संस्कृत येत नाही. एकदा गाडीत बडोद्याचे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी मुल्हेरचं तिकीट मागितलं. साल्हेर नको, मुल्हेरच. माझा कानांवर विश्वास बसेना. त्यांच्याकडून मला या पुस्तकाचं नाव पहिल्यांदा कळलं. तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं लिहून दिलं त्यांनी. ते तिकीट मी हिशोबात दाखवलं आणि चिठोरं ठेवून घेतलं, कसं ते विचारू नका.

दिल्लीच्या बादशाहांना हा एवढासा मुलूख का सलत होता, तर रस्त्यासाठी. सुरतेच्या बंदरातून माल दख्खनला, बुऱ्हाणपूरला जायचा तो आमच्या घाटांजवळून. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. त्यानं वाटेत ऐकलेलं लिहून ठेवलंय. अकबरानं खानदेश घेतल्यावर प्रतापशाहाच्या बागलाणावर फौज घातली आणि सात वर्षं अडून राहिला तरी मुलूख हाती येईना. आत चारा, धान्य, पाणी भरपूर, आणि घाटवाटा इतक्या अरुंद की दोन माणसांपेक्षा जास्त माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. अखेर बादशाहानंच तडजोड केली. प्रतापशाहाला काही गावं तोडून दिली, त्यानं बदल्यात व्यापाऱ्यांच्या मालाची राखण करायची आणि एक मुलगा बुऱ्हाणपूरला ओलीस ठेवायचा. राजाकडे चार हजार उत्तम घोड्या आणि शंभर हत्ती असल्याचंही तो लिहितो. सात वर्षं हा आकडा मला जरा फुगलेला वाटतो. बाजारात ऐकलेल्या गोष्टीला दर मुक्कामाला एक वर्ष चिकटतं, हे गाडीत बसून बातम्या ऐकणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण चांदीच्या महमुद्या मुल्हेरला पाडल्या जात होत्या हे खरं. ज्या गावात आज एटीएममध्ये नोटा असतीलच याची खात्री नाही, तिथं एकेकाळी टांकसाळ होती!

घाटवाटांचं वाक्य वाचल्यावर गेल्या दिवाळीत मी नातवाला घेऊन गडावर गेलो. तो सातवीत आहे. फिंचनं लिहिलं ते घाटांबद्दल, गडाच्या दारांबद्दल नाही, हे मला कळतं. तरी म्हटलं बघू. गावातून पायथ्याला जाईपर्यंतच कपाळाला घाम आला. माचीवर जाताना एकामागोमाग दरवाजे लागतात. मग गणपतीचं देऊळ, पुढ्यात तळं. गणपतीच्या पायऱ्यांवर बसलं की तळ्यात देवळाचं उलटं चित्र दिसतं. नातवानं खडा टाकून ते मोडलं आणि परत जुळेपर्यंत वाट पाहत बसला. पुढं मोती तलाव आणि सोमेश्वर. सोमेश्वराचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. वर ऊन मी म्हणत होतं आणि खाली गेल्यावर अंगावर काटा आला. वटवाघळांचा वास, ओल, आणि अंधारात पिंडीवर ठेवलेलं कुणाचं तरी ताजं बेलाचं पान. माझ्याआधी कोण येऊन गेलं होतं कोण जाणे. वाटेत आम्हाला एक माणूस भेटला नव्हता.

बालेकिल्ल्याला चढणाऱ्या घळीत आम्ही प्रयोग केला. मी आणि नातू शेजारी शेजारी चाललो. दहा-बारा पावलं जमलं. मग त्याचा खांदा कातळाला घासला आणि तो म्हणाला, 'आजोबा, तुम्ही पोट आत घ्या.' प्रयोग तिथंच संपला. वर पाण्याच्या टाक्यांची ओळ आहे, कातळात खोदलेली. भडंगनाथाचं देऊळ आहे, वाड्यांची जोती आहेत. जोत्यांवर गवत कमरेएवढं. सगळ्यात वरून मोसम खोरं दिसतं, हरणबारीच्या धरणाचं पाणी दिसतं, आणि स्वच्छ दिवस असेल तर साल्हेरचं शिखर. सह्याद्रीत कळसूबाईनंतर तेच उंच, १५६७ मीटर. इथून बघताना मला नेहमी वाटतं की राजानं राहायला उंच जागा न घेता सोयीची घेतली. शहाणा होता.

सोय म्हणजे पाणी. शाहजहानच्या काळचा 'बादशाहनामा' बागलाणचं वर्णन करतो ते असं, नऊ किल्ले, ३४ परगणे, १००१ गावं, हवा समशीतोष्ण, ओढेनाले पुष्कळ आणि झाडं-फळं अमाप. फौज घेऊन आलेल्याच्या लेखणीतून एवढं कौतुक उतरलं म्हणजे ते खरंच असणार. आमच्याकडे मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर जुन्या फडाची पद्धत होती. नदीला ठिकठिकाणी दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाटकऱ्याचा शब्द पाटलाच्याही वरचा. माझ्या लहानपणी आमच्या फडाचा पाटकरी रात्री कंदील घेऊन फिरायचा आणि पाट फोडणाऱ्याला भर चावडीत उभा करायचा. पुढे धरण झालं, विहिरी झाल्या, बोअर झाल्या, आणि ज्यानं त्यानं आपापलं बटण दाबायला सुरुवात केली. द्राक्षं आली, डाळिंब आलं, डाळिंबावर तेल्या आला. आता कांदा आहे तोवर आहे. ते असो. सांगायचं एवढंच की अकबराच्या फौजेला बाहेर ताटकळत ठेवण्यात वरच्या तटाइतकाच खालच्या पाटांचा हात होता, असं मला वाटतं. इतिहासकार काय म्हणतात ते त्यांना विचारा.

आता १६३८. मुल्हेरला वेढा पडला. बहिर्जीनं काही दिवस किल्ला लढवला, मग त्यानं आपल्या आईला खाली पाठवलं. सोबत वकील. आणि आईकडे उरलेल्या आठ किल्ल्यांच्या किल्ल्या. अट एकच, सुलतानपूरचा परगणा मला द्यावा, मी बादशाही चाकरीत येतो. सुलतानपूर म्हणजे आजच्या शहादा तालुक्यातलं. हे एवढंच नोंदलेलं आहे, एका ओळीत. त्या बाईचं नाव नाही. मला मात्र ती ओळ वाचल्यापासून सुटत नाही. आम्ही उतरलो त्याच वाटेनं ती उतरली असणार, दुसरी सोपी वाट नाही. पालखीतून म्हणावं तर त्या घळीत पालखी वळत नाही. म्हणजे तेवढा टप्पा तरी पायी. नऊ किल्ल्यांच्या राजाची आई, हातात किल्ल्यांचा जुडगा, पायाखाली सुटे दगड. मी नातवाचा हात धरून उतरत होतो आणि गुडघा बोलत होता, तेव्हा तिची फार आठवण झाली. आठवण म्हणजे काय, मी काही तिला पाहिलेलं नाही. पण दुसरा शब्द सुचत नाही.

'बादशाहनामा' म्हणतो, हे राज्य चौदाशे वर्षं स्वतंत्र होतं. तेही फुगलेलंच. जिंकलेली गोष्ट जितकी जुनी सांगावी तितका जिंकणारा मोठा.

शिवाजी महाराजांचा भाग आपल्या लेखात आहेच, म्हणून थोडक्यात लिहितो. आणि एक अवघड गोष्टही लिहितो. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज परतले ते बागलाणातून. वणी-दिंडोरीची लढाई त्याच परतीच्या वाटेवरची. त्याआधी त्यांच्या फौजेनं मुल्हेरच्या पायथ्याची गावं लुटली. म्हणजे आमचं गाव. हे मी एकदा पारावर सांगितलं तर दोघं जण उठून गेले. अहो, तेव्हा गाव मोगलांच्या अमलात होतं, किल्ल्यावर मोगल किल्लेदार, लुटणार नाहीत तर काय ओवाळतील? पुढे १६७२ च्या फेब्रुवारीत साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांचा वेढा उधळला. सूर्याजी काकडे तिथं पडले. बखरकार सभासदानं त्यांना महाभारतातल्या कर्णाची उपमा दिलीय. साल्हेरपाठोपाठ मुल्हेरही मराठ्यांकडे आला, आणि नंतर पुन्हा मोगलांकडे गेला. १६८७ साली साल्हेर मोगलांनी परत मिळवला तो लढून नाही, तर बोलणी करून, आणि ती बोलणी चालवणारा होता मुल्हेरचा किल्लेदार नेकनामखान. म्हणजे तेव्हाही या मुलखाचा कारभार मुल्हेरातूनच हलत होता. शेवटी १८१८. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपायांनी महिनाभर इंग्रजांना दाद दिली नाही, जूनमध्ये तो पडला. जुलैत मुल्हेर इंग्रजांच्या हवाली झाला. भर पावसाळ्यात, मोसमला पाणी असताना. गडावरच्या तोफांची नावं फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद, मार्कंडेय. एवढ्या नावांच्या तोफा असून शेवटी एकीचाही आवाज कुणी सांगत नाही.

इथपर्यंत मोठ्या लोकांचं झालं. आता दगडांचं, आणि त्यात माझ्या घरच्यांचं.

आमच्या गोठ्याच्या उंबऱ्याला एक काळा दगड आहे. दीड हात लांब, हातभर रुंद. त्याच्या एका कोपऱ्यात वाटीएवढा खळगा आहे. आत बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत लागतो, आणि त्याच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखा घासलेला पट्टा आहे. जुन्या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसत. फळीचाच खुंटा खाली-वर दगडातल्या खळग्यात बसवायचे आणि त्यावर दार फिरायचं. खुंटा फिरून फिरून खळगा गुळगुळीत झाला आणि दार लोंबून खालची कड घासली, ती ही चंद्रकोर. कुणाच्या तरी वाड्याचं दार किती पिढ्या उघडलं-मिटलं असेल तेव्हा दगडाला असा घट्टा पडला असेल! आमच्याकडे पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि कोंबड्या पितात.

हा दगड माझ्या आजोबांनी आणला. गोठा बांधला तेव्हा गडाखालच्या जुन्या वस्तीतून बैलगाडीच्या अकरा खेपा केल्या, असं आजी सांगायची. अकरा हा आकडा ती दर वेळी तोच सांगायची, म्हणजे खरा असावा. लहानपणी मी उंबऱ्यावर उभा राहिलो की ओरडायची, 'राजाना दगड से तो, पाय नको देऊ.' राजाचा दगड आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरी गोठ्याला लावलाच. पाय द्यायचा नाही आणि म्हशीनं रोज त्यावरूनच जायचं, यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं.

गावात हिंडून बघा. कांद्याच्या चाळीखाली आधाराला खांबाचे तुकडे आहेत. बांधाला ताशीव चिरे आहेत. एका न्हाणीत फरशी म्हणून जो दगड आहे त्याच्या उलट्या बाजूला कमळ आहे असं म्हणतात. मी काही न्हाणी उलटवून पाहिलेली नाही. आणि ७२ चा दुष्काळ. त्या वर्षी आई खडी फोडायला जायची, मी बारा वर्षांचा होतो, शाळा सुटली की तिच्याजवळ जाऊन बसायचो. रस्त्याच्या कामाला जवळचा दगड गोळा करून आणत, त्यात गडाखालचाही यायचा. एकदा तिच्या ढिगात पानाफुलांची वेल कोरलेला दगड निघाला. तिनं तो क्षणभर हातात धरला, पदरानं पुसला, आणि मग फोडला. ढीग मोजून पैसे मिळायचे. घरात आम्ही चार भावंडं होतो. मी तिला आजही दोष देत नाही, आणि कुणी दिलेला ऐकूनही घेणार नाही.

म्हणून कुणी 'किल्ल्याची नासधूस परकीयांनी केली' असं एका दमात म्हणतं तेव्हा मी खाली बघतो. तोफांनी जे पडलं त्याहून जास्त आमच्या बैलगाड्यांनी उतरवलं असेल.

आता निदान नव्यानं काही हलू नये. मध्यंतरी एक मंडळी गडावर श्रमदानाला आली. नाव घेत नाही, कारण पोरं प्रामाणिक होती, उन्हात राबली, घरून भाकरी बांधून आणली होती. पण त्यांनी पडक्या जोत्यांमधले विखुरलेले दगड उचलून एका जागी रचले. लहान लहानांत, मोठे मोठ्यांत, दुकानात मांडावेत तसे. दिसायला स्वच्छ झालं. पण कुठला दगड कुठल्या भिंतीचा, कमान कुठं होती, दार कुठं होतं, हे आता ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. पडलेला दगड कुठं पडलाय यावरून जाणकाराला भिंत वाचता येते. एका ठिकाणी पायरीवर सिमेंटही थापलंय. पहिल्या पावसात त्याला भेग गेली आणि पाणी आत शिरून पायरीच हलायला लागली. साल्हेरमुळे आता बागलाणात माणसं येणार, पैसा येणार, पाट्या लागतील, दिवे लागतील. ते मुल्हेरपर्यंत पोचायच्या आत कुणी जाणकार माणसानं गडावरचा आणि गडाखालचा एकेक कोरीव दगड आहे त्या जागी टिपून ठेवावा, फोटो काढावा, आमच्या गोठ्यांतले आणि चाळींतलेसुद्धा. मग काय लावायचं ते लावा.

नुसतं वाडेच पडलेत असं मात्र समजू नका. कोजागिरीला मुल्हेरला या. उद्धवस्वामींच्या समाधीपुढं रास असतो. मोठं लाकडी रासचक्र केळीच्या पानांनी आणि फुलांनी मढवून वर चढवतात. गावातली पोरं राधा, कृष्ण, गोपी होतात, आणि चक्राखाली रात्रभर पदं चालतात, उजाडेपर्यंत. मराठी, व्रज, गुजराती, सगळी मिसळून. सुरत, बुऱ्हाणपूर आणि पैठणकडचे रस्ते एके काळी इथं कसे गुंतले होते हे मला पुस्तकापेक्षा त्या पदांनी जास्त कळलं. एका पदात मी लहानपणी गोपी होतो. चक्र वर चढताना दोर ओढणाऱ्यांचा जो एक हुंकार निघतो तो अजून कानात आहे. आपल्या वार्ताहरांना सांगा, शेवटची गाडी चुकली तरी हरकत नाही. घरं आहेत.

आमच्या दगडाचं शेवटी काय झालं तेही कळवतो. तो परत द्यावा असं माझ्या मनात आलं. एका कार्यालयात गेलो, कुठलं ते राहू दे. तिथल्या माणसानं चहा पाजला आणि विचारलं,

'दगड कुठला?'

'गडाखालचा.'

'कशावरून?'

'आजी सांगायची.'

'आजी आहेत?'

'नाहीत.'

त्यानं पेन टोपणात घातलं आणि म्हणाला, 'काका, दगड तुमच्याकडेच सुरक्षित आहे.' त्याचंही काही चुकलं नसेल. अर्जाला आजी कशी जोडणार?

तेव्हा दगड अजून उंबऱ्यातच आहे. मी त्यावर गोणपाट टाकून ठेवतो आणि म्हशीला मागच्या दारानं काढतो. आपल्या वाचकांत कुणी या कामातलं असेल आणि येऊन पाहणार असेल तर जरूर यावं. दगड काढायचाच झाला तर दोन माणसं, एक पहार आणि त्या जागी बसवायला तेवढाच लांब साधा चिरा घेऊन यावं. सकाळी दहाच्या आत नको, धारा असतात.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
मुल्हेर, ता. बागलाण, जि. नाशिक